उंबर किती हलवायचा?

सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई. जून लागला होता, तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली होती. नवऱ्याच्या मागे राहिलेलं थकीत पीककर्ज ती तीन वर्षं थोडं थोडं फेडत होती, त्या दिवशी शेवटचा भरणा केला. मी पावती दिली, पासबुक भरून दिलं, तरी बाई काउंटरपासून हलेना. मागे रांग लागलेली. "आणखी काही राहिलं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आता माझ्यावर कोनाचं काही नाही, असं लिहून द्या न जी."

तिला बेबाकीचा दाखला हवा होता. हा दाखला लोक मागतात ते दुसरीकडून कर्ज काढायचं असतं म्हणून. हिला तो कुठंच द्यायचा नव्हता. मी करून दिला, गोल शिक्का मारला आणि विसरून गेले. पुढच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या कामासाठी तिच्या गावी गेले तेव्हा तो पुन्हा दिसला. लॅमिनेशन करून घेतलेला, बाबासाहेबांची तसबीर आणि मुलाचा दहावीचा फोटो यांच्या मधोमध खिळ्याला टांगलेला.

ग्रामीण बँकेत मी ३३ वर्षं काढली. मूल, सावली, सिंदेवाही, मग वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि धानोरा. हजारो मुदत ठेवींच्या पावत्या माझ्या सहीनं गेल्या. त्यातली एकही कोणी भिंतीवर लावलेली मी पाहिली नाही. माणसाची मिळकत वाढली की त्याचं समाधान वाढतं का, या प्रश्नावर मी बोलायला बसते तेव्हा मला आधी तो दाखला आठवतो.

माझ्या वडिलांनी सोळाव्या वर्षी धम्मदीक्षा घेतली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकारानं तो समारंभ झाला. वडील गावाहून चालत गेले होते, पांढरं धोतर उसनं आणून. ही गोष्ट सांगताना 'उसनं' हा शब्द त्यांनी कधी गाळला नाही.

पुढं ते कोळसा खाणीत लागले. जमिनीखालचं काम, ठेकेदाराची मजुरी आणि पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर वही घेऊन उभा असलेला सावकार. घरी येईपर्यंत निम्मे पैसे गेलेले असायचे. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, वडील कायम झाले, पगार वाढला. घरात सायकल आली, मग रेडिओ आला. पण सावकाराची वही आणखी सहा वर्षं चालली. पगार वाढलेल्या माणसाला सावकार जास्त खुशीनं पैसे देतो, आणि आत्याचं लग्न, आजोबांचं आजारपण काही थांबणारं नव्हतं. आईला राष्ट्रीयीकरणाचं वर्ष विचारलं तर सांगता येत नाही. तिला १९७९ मधली एक संध्याकाळ आठवते. त्या संध्याकाळी वडील फाटकाबाहेर कोणापाशी न थांबता थेट घरी आले आणि पगाराचं पाकीट न फोडता तिच्या हातात ठेवलं. आई सांगते, त्या रात्री ते घोरले. त्याआधी लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिनं त्यांना घोरताना ऐकलं नव्हतं.

ठेकेदारीच्या दिवसांत तिथं एक मुनीम होता. मजुरी वाढवून मागितली की तो मजुरांना समजावायचा, अंथरूण पाहून पाय पसरावे, समाधानातच खरं सुख आहे. वडील त्याच्यासमोर काही बोलत नसत. घरी आल्यावर म्हणायचे, "अंथरूण कापलं कोनं, ते आधी सांग म्हणावं."

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. वडील कित्येक वर्षं वाचक होते. संतोषाविषयीचा भाग आला की ते थांबायचे, चष्मा पुसायचे आणि तो भाग पुन्हा वाचायचे. बाबासाहेबांनी तिथं स्पष्ट केलं आहे की, संतोष हे श्रेष्ठ धन असं बुद्ध म्हणाले, त्याचा अर्थ परिस्थितीपुढं मान तुकवणं असा लावायचा नाही. दारिद्र्याला बुद्धांनी कधी धन्य म्हटलं नाही. संपत्ती त्यांना वर्ज्य नव्हती, आणि दुःखात असलेल्यानं आपली अवस्था बदलायला झटू नये असं तर ते मुळीच म्हणाले नाहीत. ज्याला अंतच नाही अशा लोभाच्या ताब्यात माणसानं जाऊ नये, एवढाच त्या संतोषाचा अर्थ. मी आठ-नऊ वर्षांची असताना हे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की मुनीम सांगतो ते समाधान आणि बुद्ध सांगतात ते समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वडिलांना त्यातली दुसरी हवी आहे.

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. निवृत्तीनंतर काही महिने तिच्याकडे राहिले तेव्हा तिनं मला या विषयावरचं जगभरातलं संशोधन समजावून सांगितलं. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये मांडलं की, एकाच वेळी पाहिलं तर देशातली श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा स्वतःला जास्त सुखी म्हणवतात, पण काळ जातो, सगळा देश श्रीमंत होतो, आणि तरी लोकांचं सुख त्या प्रमाणात वाढलेलं दिसत नाही. २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी दाखवलं की, वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या मनःस्थितीत फारशी भर पडत नाही, पण आपल्या आयुष्याचं मोल ठरवायला सांगितलं तर ते मात्र उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना तसा थांबा सापडला नाही. मग २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र येऊन पुन्हा आकडे पाहिले, तेव्हा बहुतेकांचं सुख पैशाबरोबर वाढत जातं असंच निघालं. फक्त जे आधीच फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर पैसा चालेनासा होतो.

मी हे मन लावून ऐकलं. कानमन यांच्यासारख्या माणसानं आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासायला विरोधकाबरोबर बसावं, हे मला फार मोठं वाटलं. मुलीला विचारलं, तुझं काय? या संशोधनात एक शिडी असते, खाली शून्य, वर दहा, आणि आपण कितव्या पायरीवर उभे आहोत ते सांगायचं असतं. ती म्हणाली, "सहा. गृहकर्ज नसतं तर आठ." तिच्या कर्जाची १७ वर्षं बाकी आहेत. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली की ती रात्री उठून हप्त्याचं कोष्टक उघडून बसते. तिचा एका महिन्याचा पगार तिच्या आजोबांच्या शेवटच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त आहे. पण ते १९७९ नंतर जसे झोपत तशी झोप तिला नाही.

परत आल्यावर मी ती शिडी आमच्याकडच्या एका बचत गटाच्या बायकांना सांगून पाहिली. त्यांनी ती नीट समजून घेतली. एकीनं विचारलं, "कोनत्या महिन्यातलं सांगू जी? पोळ्याच्या वेळचं का धान चुरल्यावरचं?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या भागात वर्ष सरळ रेषेत जात नाही. मार्चअखेरीपासून मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, जूननंतर धानाचे परहे, रोवणी. मग श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपत येतं, रोवणीची मजुरीही खर्च झालेली असते आणि तिथून धान निघेपर्यंतचे दिवस उधारीवर काढायचे. त्या बाईला बारा महिन्यांचं एकच उत्तर देणं खोटं वाटत होतं. पुढं मला कळलं की, शास्त्रज्ञांनाही हे दिसलं आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांचे सहकारी. उसाचे पैसे हातात येण्याआधी आणि आल्यानंतर त्याच शेतकऱ्याला तीच बुद्धीची कोडी घातली. पैसे येण्याआधी तोच माणूस कमी पडला. देण्याघेण्याच्या काळजीनं त्याच्या डोक्यातली जागा व्यापलेली होती. गरिबाला अक्कल नाही असं म्हणणाऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची बोलणी ऐकलेल्या माझ्यासारखीला हा अभ्यास वाचून रडू आलं होतं.

बँकेत बसून मी ती व्यापलेली जागा रोज पाहत होते. ३१ मार्च आला की आमच्याकडे 'नवं-जुनं' सुरू व्हायचं. जुनं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत आणि नवं कर्ज, नाही तर थकबाकीदार. म्हणून शेतकरी सावकाराकडून चार-आठ दिवसांसाठी भारी व्याजानं पैसे उचलायचा, बँकेत भरायचा, नवं कर्ज निघालं की तेच पैसे सावकाराला नेऊन द्यायचा. कागदावर सगळं चोख. वसुली शंभर टक्के. त्या माणसाच्या हातात मात्र काहीच नाही, उलट सावकाराच्या आठ दिवसांच्या व्याजाची भर. मी स्वतः असे शेकडो व्यवहार केले. पुढं पुढं आठवड्याच्या हप्त्यावर पैसे देणाऱ्या कंपन्या गावागावांत आल्या आणि नवं-जुनं घराघरात शिरलं. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. ज्या वारी वसुलीचा माणूस येतो त्या वारी बायका कामावर जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या घरांचं उत्पन्न मोजणारा कोणी आला असता तर त्याला ते आधीपेक्षा वाढलेलंच दिसलं असतं.

म्हणूनच त्रिपिटकातलं एक लहानसं सुत्त मला इतकं जवळचं आहे. अंगुत्तर निकायाच्या चौथ्या निपातात अनाथपिंडकाला केलेला उपदेश आहे. अनाथपिंडक श्रावस्तीचा बडा व्यापारी. जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून विकत घेतल्याची कथा त्याचीच. अशा माणसाला बुद्ध सांगतात की, संसारी माणसाला चार सुखं मिळू शकतात. घामानं आणि न्यायानं मिळवलेलं आपल्याजवळ आहे, हे पहिलं, अत्थिसुख. ते खाण्यापिण्यात आणि दानात आपल्या हातानं वापरता येतं, हे भोगसुख. कोणाचं थोडंफारही देणं नाही, हे अनणसुख. आणि काया-वाचा-मनानं आपल्याकडून निंद्य काही घडलेलं नाही, हे चौथं, अनवज्जसुख.

अडीच हजार वर्षांपूर्वी, धनवंताला उपदेश करताना, कर्ज नसणं हे स्वतंत्र सुख म्हणून मोजलं गेलं याचं मला अजून नवल वाटतं. असलेल्यातून देणं वजा केलं की उरतं ते नक्त मूल्य, असं आम्हाला बँकेत शिकवलं. दहा लाख आणि नऊ लाखांचं कर्ज असलेला माणूस आणि नुसते एक लाख असलेला माणूस आमच्या ताळेबंदात सारखे. सुत्तात ते सारखे नाहीत. भिंतीवर दाखला टांगणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायची गरज पडली नव्हती.

भोगसुखाबद्दल आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांनी जे सांगून ठेवलं आहे ते कोणत्याही ग्रंथाइतकं मोलाचं आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, लढ्यामुळे. चंद्रपूरच्या बायकांनी तेच मागितलं, त्यासाठी पायी मोर्चे काढले आणि २०१५ मध्ये मिळवलं. २०२१ मध्ये ती बंदी उठली. बंदीनं दारू थांबते की चोरवाटेनं येते, यावर वाद होऊ शकतो आणि तो मी इथं घालत नाही. पण 'कुटुंबाचं उत्पन्न' असं आपण म्हणतो तेव्हा त्यातलं कोणाच्या तोंडी काय गेलं हे लपून जातं, हे त्या मोर्च्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बोनसच्या दिवशी खात्यातून सगळी रक्कम काढून नेणारा नवरा आणि दुसऱ्या दिवशी रिकामं पासबुक घेऊन आलेली बायको या दोघांनाही मी ओळखत होते. त्या घरी त्या महिन्यात मिळकत वाढली होती.

चौथ्या सुखाकडे मी अलीकडेच नीट पाहू लागले. सुत्ताच्या शेवटी बुद्ध म्हणतात की, पहिली तिन्ही सुखं एकत्र केली तरी चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाची सर त्यांना येत नाही. इतकी वर्षं मला हे उपदेशाच्या ओघात आलेलं वाक्य वाटायचं. मग नोकरीच्या अखेरच्या वर्षात एक माणूस शाखेत येऊ लागला.

त्याची बायको मोहफूल वेचायला पहाटे जंगलात गेली आणि वाघानं तिला नेलं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात दर उन्हाळ्यात असं होतं. वाघांची संख्या वाढली आहे, जंगल तेवढंच आहे, आणि मोह पहाटेच पडतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार आता २५ लाख रुपये देतं, काही हातात, बाकीचे मुदत ठेवीत. या माणसानं जन्मात लाखाची रक्कम पाहिली नव्हती. दर महिन्याला तो व्याज काढायला यायचा, अंगठा द्यायचा, पैसे मोजायचा नाही. पासबुक भरून दिलं तर पाहायचा नाही. एकदा बाकावर बराच वेळ बसून राहिला म्हणून मी जवळ गेले. पोरगी नर्सिंगला लागली आहे, त्या पैशातून फी भरली, म्हणाला. चांगलं झालं, मी म्हटलं. तो म्हणाला, "हा पैसा कामी येते न मॅडम, तेच मले सहन होत नाही."

त्यानं कोणाचंही वाईट केलेलं नव्हतं. तरी त्या पैशाचा निर्दोष उपभोग त्याला शक्य नव्हता. मिळकतीच्या शिडीवर तो चार पायऱ्या वर चढला होता. मी त्याला काही सांगू शकले नाही. धम्मातलं काही सांगावं असं वाटलं, पण त्याच्या दुःखापुढं माझं पाठांतर फिकं होतं. मी चहा मागवला आणि आम्ही दोघं तो प्यायलो.

अंगुत्तर निकायातच पुढं आणखी एक सुत्त आहे. कोलियांचा दीघजाणू नावाचा गृहस्थ बुद्धांना विचारतो, आम्ही लेकराबाळांची माणसं, चंदन लावतो, सोनंनाणं वापरतो, आमच्यासाठी या जन्मीचं हित कशात आहे ते सांगा. उत्तरात उद्योग, राखण, चांगली संगत यांच्यानंतर समजीविता येते. आपली आय किती, व्यय किती हे ओळखून, तराजू धरणाऱ्यासारखं जगणं. आय थोडी आणि थाट मोठा असेल तर लोक म्हणतील, हा उंबर खाणाऱ्यासारखा आपलं धन खातो. आणि आय मोठी असून कद्रूपणे जगला तर म्हणतील, हा उपाशी मरणार. उंबर खाणाऱ्याची उपमा अशी की, चार फळं खायला हवीत म्हणून माणूस झाड गदागदा हलवतो, ढीगभर फळं पडतात, तो चार खातो आणि बाकीची मातीत टाकून निघून जातो.

जंगलातल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. तेंदूच्या पानाला ती जशीच्या तशी लागू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटतात, म्हणजे नवी कोवळी पानं फुटतात. फूट जोरात यावी म्हणून काही ठिकाणी आगी लावल्या जातात. मेमध्ये माणसं पहाटे तीन-चारला निघतात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. दहा-पंधरा दिवसांचं काम, पण वर्षातला सगळ्यात मोठा रोख पैसा. पावसाळ्याची बियाणं, शाळेची पुस्तकं, थकलेला हप्ता, सगळं त्यावर. मी बँकेच्या खुर्चीवर बसून त्या पैशाचं स्वागतच केलं, आणि ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगाव या लहानशा गावानं मात्र तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला. गावानंच बांबू तोडायचा, गावानंच विकायचा, मजुरी गावातल्यांनाच. पोटासाठी बाहेर जाणारी माणसं घरी राहू लागली. मग ग्रामसभेत बसून त्यांनी हिशेब केला की, तेंदूच्या पैशासाठी आपण झाडं छाटतो आणि जंगल जाळतो, ते थांबवू. जंगलाचा एक चांगला भाग त्यांनी हात न लावता राखून ठेवला. माधव गाडगीळांनी या गावाविषयी पुन्हा पुन्हा लिहिलं आहे.

ही गोष्ट शहरात सांगितली की लोक लगेच म्हणतात, बघा, आदिवासी किती समाधानी असतात, त्यांना पैशाची हाव नसते. हे ऐकलं की मला तो मुनीम आठवतो. पाचगावनं तेंदू सोडला तो बांबू हातात आल्यावर. २०१२ च्या आधी ते जंगल त्यांचं नव्हतं, तेव्हा तेंदू सोडणं म्हणजे लेकरांच्या तोंडचा घास सोडणं झालं असतं. जे आपलं नाही ते सोडायचं कसं? पहिलं सुख आधी आलं, तिसरं त्याच्या मागून, आणि मगच चौथ्याचा विचार करण्याएवढी जागा त्या माणसांच्या डोक्यात मोकळी झाली. सुत्तातला क्रम उगाच नाही, अशी माझी समजूत आहे. हा क्रम उलटा करून ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना आधी चौथ्या सुखाचं माहात्म्य सांगणं मला पाप वाटतं.

ती पहिली पायरी मिळवायला किती झगडावं लागलं हे मी धानोऱ्यात असताना जवळून ऐकलं. मेंढा (लेखा) हे गाव तिथून दूर नाही. देवाजी तोफा आणि त्यांचं गाव मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सोबत्यांबरोबर कित्येक वर्षं अभ्यास करत, चर्चा करत, सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेत आलं होतं. त्यांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना, कारण बांबू झाड की गवत हाच वाद. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतरच्या वर्षांत आजूबाजूच्या ग्रामसभांची खाती बँकांमध्ये उघडू लागली. मला त्यातल्या रकमांपेक्षा दुसरंच काही आठवतं. ज्या गावांतली माणसं बँकेत आली की दाराजवळ जमिनीवर बसत, त्याच गावांतली माणसं ग्रामसभेचं ठरावाचं रजिस्टर घेऊन आली आणि माझ्या टेबलासमोरची खुर्ची स्वतः ओढून बसली. स्वतःच्या घरच्या खात्यात त्यांच्याजवळ तेव्हाही फार काही नव्हतं.

एटापल्लीकडे आता लोहखनिजाच्या खाणीमुळे तरुणांना महिन्याचा पगार मिळू लागला आहे. सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि खनिज त्याच पहाडात आहे. तिकडच्या एका मुलानं मला सांगितलं की घरावर पत्रे घातले, आईचा मोतीबिंदू काढला. आई दिसू लागल्यावर पहिल्यांदा पहाडाकडे पाहून बराच वेळ गप्प बसली, हेही त्यानंच सांगितलं. त्याच्या पगाराला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या आईच्या गप्प बसण्याला अडाणीपणा म्हणण्याचा तर कोणालाच नाही. एकाच घरात पहिलं सुख आणि चौथं सुख समोरासमोर उभी राहिली की काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पाचगावला निदान निवड स्वतः करता आली.

गेल्या एप्रिलमध्ये मी पाचगावला गेले होते, वडिलांच्या जुन्या मित्राच्या मुलाबरोबर, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. ऊन असं की रस्ता पाण्यासारखा चमकत होता. गावाबाहेर तेंदूची झाडं मी आयुष्यात पहिल्यांदा पुरी वाढलेली पाहिली. इतकी वर्षं मी तेंदू म्हणजे गुडघ्याएवढं झुडूप समजत होते, कारण मला ठाऊक असलेल्या जंगलात त्याला दरवर्षी छाटतच. इथं ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि त्यांना पिवळी टेंभरं लागली होती. पानं तोडली की फळ धरत नाही. पोरं झाडाखाली बसून खात होती, बिया थुंकत होती.

एका घरी पाणी प्यायला थांबलो. तिथल्या म्हातारीनं सुपात टेंभरं आणून दिली. मी सवयीनं पर्स उघडली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पर्स बंद करायला लावून उरलेली फळं माझ्या पदरात ओतली. वर झाडाकडे बोट दाखवून सांगितलं की पक्ष्यांसाठी, अस्वलांसाठी पुष्कळ आहेत, आम्ही हात पोचतो तेवढीच काढतो. फळाचा गर चिकट आणि गोड होता, सालीपाशी थोडा तुरट. परतताना मोटारसायकलवर मी पदर दोन्ही हातांनी धरून बसले होते. घरी येऊन मोजली तेव्हा तेवीस भरली. आईसाठी चार वेगळी काढून ठेवली.